बॉनेटवरचं मांजर

"खर्रर्र... खडखडखडखड!"

व्हॅन अशी काही ओरडली की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणापलीकडे पळाल्या! सोनालीताईनं दचकून किल्लीवरचा हात काढला. पाच-सहा सेकंदांत आवाज आपोआप थांबला आणि इंजिन साळसूदपणे घुरघुरू लागलं.

"डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाजलं!" अकरा वर्षांचा प्रबुद्ध म्हणाला.

"काल घेतली आणि आज ही तऱ्हा!" त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण मेघा म्हणाली.

दिवाळीची सुट्टी होती. लोधिवलीत त्यांच्या आईची, उज्वलाताईंची खानावळ होती. सोमवारपासून खालापूरच्या कचेऱ्यांत रोज चाळीस डबे पोचवायचे ठरले होते आणि ते काम सर्वांत थोरल्या, वीस वर्षांच्या सोनालीताईनं मागून घेतलं होतं. तिला लायसन्स मिळून दोनच महिने झाले होते. तिच्यासाठीच बाबांनी ही जुनी व्हॅन घेतली होती.

आवाज ऐकून बाबा सोनालीताईला आणि मुलांना घेऊन थेट जुन्या हायवेवर, जिथून व्हॅन घेतली होती त्या मनोजशेठच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेले. पण तिथं पोचेपर्यंत इंजिन तापलं होतं. मनोजशेठनं व्हॅन तीनदा चालू केली, तीनदा बंद केली. आवाजाचा पत्ताच नाही!

"सुमितभाऊ, माझ्याकडे होती तोवर गाडी लोण्यासारखी चालत होती," मनोजशेठ बाबांना म्हणाला. मग त्याची नजर सोनालीताईवर गेली. "चालवतंय कोण? ही? मग बरोबर! पोरीच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार!"

तिथं उभी असलेली दोन माणसं खो खो हसली. बाबा हसले नाहीत. पण त्यांनी सोनालीताईच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकली.

"डब्यांसाठी दुसरा ड्रायव्हर बघू," ते म्हणाले.

मोठी माणसं असं काही बोलून मोकळी होतात आणि लगेच चहाकडे वळतात. घरी आल्या आल्या सोनालीताई खानावळीत शिरली आणि भांडी घासायला बसली. मेघाच्या मात्र डोक्यात तिडीक गेली होती!

"एका दिवसात ताईनं इंजिन मोडलं म्हणे!" ती मैत्रीण हर्षलापुढे पाय आपटत म्हणाली. "आणि बाबांनी ते खरं मानलं! मला मनोजशेठपेक्षा बाबांचाच जास्त राग आलाय!"

"नुसती चिडू नको गं! चल माझ्या काकाकडे," हर्षला म्हणाली.

हर्षलाच्या धनेशकाकांचं खालापूरला गॅरेज होतं. प्रबुद्धनं तोंडानंच आवाज काढून दाखवला. काकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"परत काढ रं! आनि मला सांग, पट्टा किंचाळल्यागत येतोय का?"

"नाही. खडखड!"

"बॅटरी उतरल्यावर येतं तसं टक-टक?"

"नाही काका, खडखड! पाच सेकंद, मग गप्प!"

"मग इंजिनातली चेन सैल झालीय. रातभर गाडी उभी राह्यली की ऑइल खाली उतरतं. सकाळी पयल्यांदा चालू केली की चेन वाजते, ऑइल वर चढलं की गप! म्हनून जुनी गाडी घेताना इंजिन गार असतानाच ऐकायचं असतं. तापलेलं इंजिन खोटं बोलतं."

"एका दिवसात सैल होते?" मेघानं डोळे बारीक केले.

"छ्या! त्याला वर्सं लागतात. तुमच्या ताईचा काय बी दोष नाय. पन मनोजशेठ म्हनेल, माझ्याकडं आवाज नव्हता. पुरावा हाय का?"

प्रबुद्ध इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो एकदम ओरडला, "हे बघा! व्हॅन घेतली त्या सकाळी मी मांजराचा फोटो काढला होता!"

फोटोत व्हॅनच्या बॉनेटवर एक पिवळं मांजर पाय पसरून झोपलं होतं.

"मांजरांचे फोटो कसले बघतोस!" मेघा खेकसली. आणि मग एकदम थबकली. "थांब! गाडी विकताना मनोजशेठ म्हणाला होता, दोन दिवस ती चालू केलेली नाही. सकाळच्या थंडीत मांजर गार पत्र्यावर झोपेल?"

"अजिबात नाही!" हर्षला म्हणाली. "आमचं तर चुलीपासून हलत नाही!"

शनिवारी उजाडताच तिघं आवारासमोरच्या एसटीच्या शेडमध्ये जाऊन बसली. साडेसातला मनोजशेठकडे कामाला असलेला गजा आला. आवारात अकरा गाड्या होत्या. त्यातल्या तीनच त्यानं चालू केल्या. पहिली किंचाळली, दुसरी धडधडली आणि तिसरी, पांढरी गाडी, त्यांच्या व्हॅनसारखीच खडखडली! प्रबुद्ध तारेच्या कुंपणाला मोबाइल लावून सगळं चित्रीकरण करत होता.

"चांगल्या गाड्यांना हात लावत नाही बघ," हर्षला कुजबुजली. "खोड असलेल्या तेवढ्या तापवून ठेवतो! लबाड!"

गजानं गाड्या चांगल्या अर्धा तास चालू ठेवल्या. त्या बंद झाल्यावर पिवळं मांजर कुठूनसं आलं आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर झोपलं.

हर्षलानं फोन केल्यावर धनेशकाका बाबांना आणि सोनालीताईला घेऊन आले, तेव्हा एक निवृत्त शिक्षिका तीच पांढरी गाडी बघत होत्या.

"बाई, हिला आज चावीच लावलेली नाही!" मनोजशेठ सांगत होता. "आता लावतो. आवाज ऐका!"

"मग हे मांजर इथं का झोपलंय?" मेघा तरातरा पुढे झाली.

"ए पोरी, जा घरी!"

"नाही जाणार! बाई, बॉनेटला हात लावून बघा."

बाईंनी हात ठेवला आणि त्या चमकल्या. पत्रा चांगला ऊबदार होता. प्रबुद्धनं मोबाइलचा आवाज मोठा केला. खडखडखडखड! सगळ्या आवारात ऐकू गेलं.

मनोजशेठ गजावर डाफरला, पण गजाच वैतागला होता. "माज्यावर कशाला वरडताय शेठ? तुमीच सांगितलंत, गिऱ्हाइक यायच्या आधी तापव म्हनून! ती व्हॅन बी मीच तापवली व्हती!"

"आता बोला!" बाबा रागानं मनोजशेठसमोर येऊन उभे राहिले. "माझ्या मुलीला चार माणसांत बोललात तुम्ही!"

"आणि मी ग्राहक मंचात तक्रार करणार," बाई म्हणाल्या.

मनोजशेठचं तोंड एवढंसं झालं. "नवी चेन बसवून देतो, धनेशकडेच. खर्च माझा," तो पुटपुटला.

"ते तर द्यालच! आधी माझ्या ताईची माफी मागा!" मेघा कडाडली.

मनोजशेठनं मान खाली घालून माफी मागितली. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मेघा अजून तशीच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आता तुम्ही, बाबा."

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि सोनालीताईच्या तळहातावर ठेवली. "चुकलं माझं, सोनू. मी तुला विचारायला तरी हवं होतं."

सोनालीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो, हवं होतं," ती म्हणाली आणि तिनं किल्ली घट्ट धरली.

"शाबास पोरांनो!" बाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं शिकवलं, पण हे मांजर मला दिसलं नसतं!"

"माझ्या गॅरेजात कवापन या," धनेशकाका म्हणाले. "कान तयार हायत तुमचे!"

रविवारी धनेशकाकांनी नवी चेन बसवली. सोमवारी सकाळी सगळे अंगणात श्वास रोखून उभे राहिले. सोनालीताईनं किल्ली फिरवली. घर्रर्र! बस, एवढंच. कोंबड्यांनी मानसुद्धा वर केली नाही!

बाबा पुढच्या सीटकडे निघाले.

"तिथं मी बसणार!" मेघा म्हणाली. "तुम्ही मागे!"

बाबा निमूटपणे मागे गेले आणि चाळीस डब्यांच्या मधे अंग चोरून बसले.