खडकावरच्या यंत्राचा पत्ता

खात्यात ताईंचा दरारा होता. लांबच्या यंत्रांचे आयपी पत्ते, म्हणजे ज्या आकड्यांवरून त्यांच्याशी जोडलं जायचं ते, इथूनच बदलणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. "बसलोय तीच फांदी तोडायची आणि पडायच्या आत दुसरी धरायची, एवढंच तर आहे," असं त्या म्हणत. त्यांच्या चुकीपायी आजवर कुठंही माणूस धाडावा लागला नव्हता.

त्या दुपारी एकच यंत्र उरलं होतं, समुद्रातल्या खडकावरचं. वारा मोजणाऱ्या त्या खोलीत कुणी राहत नसे. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली ताईंच्या पर्समध्ये. उद्यापासून लाटा वाढल्या की खडकाला बोट लागणार होती ती थेट तीन महिन्यांनी.

"ताई, बोट थांबवून ठेवलीय हं. लाजू नका," साहेब म्हणाले.

"तुम्हीच या फिरून. मला मळमळतं."

ताईंनी नवा पत्ता टाकला, गेटवे टाकला, एंटर दाबलं. पडदा गोठला. जुना पत्ता तुटला की तो गोठतोच. त्यांनी नव्या पत्त्यावर हाक दिली.

उत्तर नाही.

पुन्हा दिली. मग काय काय टाकलं होतं ते आठवून पाहिलं. गेटवे, म्हणजे यंत्राचा बाहेर पडायचा दरवाजा, बोटांनी सवयीनं जुनाच टाकला होता. आता तिथं जाऊन, समोर बसून कुणी तो बदलला तरच यंत्र बोलणार.

"झालं का?"

"होतंय." चुकले म्हणायला जीभ रेटेना.

तेवढ्यात यंत्रानं उत्तर दिलं.

ताई आत शिरल्या. गेटवे आता बरोबर होता. आत्ता आत कोण कोण आहे, ते त्यांनी यंत्राला विचारलं. दोघी. एक ताई, इथून. दुसऱ्याही ताईच, खडकावरच्या खोलीतल्या कीबोर्डवरून.

त्यांनी दुसरीला बाहेर काढलं.

ती परत आली. पासवर्ड पहिल्याच झटक्यात बरोबर.

"मानलं बुवा," साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मग बोट परत पाठवू?"

सगळं ऑफिस बघत होतं. ताईंनी पर्स चाचपली. किल्ली जागेवर होती. हे सांगायचं, तर आधी चूक सांगायला हवी.

"पाठवा," त्या म्हणाल्या. मान ताठच होती.

टाळ्या पडल्या. पडद्यावर खडकावरचे आकडे येऊ लागले. वारा ठीक, हवेचा दाब ठीक. खोलीतलं तापमान तेवढं हळूहळू चढत होतं, बंद खोलीत माणूस बसला की चढतं तितपत.