खालची वाटी

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मी बावीस वर्षं पाण्याचा वास घेते आहे. हसू नका, अशी नोकरी असते. पाणी यंत्रंही तपासतात, पण कुबटपणा माणसाच्या नाकाला आधी कळतो. रोज सकाळी कोमट केलेल्या सहा बाटल्या समोर येतात. बूच काढायचं, हुंगायचं आणि तक्त्यावर आपल्या शब्दांत लिहायचं. माझे शब्द म्हणजे ‘भिजलेली छत्री’, ‘शाळेतला खडू’, ‘बंद पडलेला फ्रीज’. सहांपैकी एक बाटली कोऱ्या पाण्याची असते, आमची परीक्षा बघायला. तिच्यापुढे ‘काही नाही’ लिहायचं. ऑफिसात मला नाकाबाई म्हणतात. साहेब तक्त्यावरचं नाव न बघता माझे शब्द ओळखतात.

घरी आम्ही दोघीच, ताई आणि मी. ताई सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, माझं लग्न लावलं आणि नवरा गेल्यावर मला आपल्या घरी आणलं. ताईला वास येत नाही. चार वर्षांची असताना तापात गेला तो गेलाच. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, हे मीच तिला सांगायचं. “दोघींत मिळून एकच नाक, आणि तेही बसवलं तुझ्या तोंडावर,” असं ती म्हणायची आणि आम्ही खो खो हसायचो.

गेल्या हिवाळ्यात माझं नाक सारखं चोंदू लागलं आणि माझं धाबं दणाणलं. नोकरीचं तर होतंच, पण कपाटात नवऱ्याचा एक लोकरी कोट आहे. तो नकाशे काढायचा. अकरा वर्षं झाली, तरी कॉलरपाशी दाढीचा साबण आणि पेन्सिलीचा भुसा यांचा वास होता. रोज कामाला निघताना कपाट उघडून मी एक श्वास घ्यायचे. त्यावर माझा दिवस निघायचा.

नाक धुण्याचं यंत्र ताईनेच आणलं. मुठीत मावेल एवढं, पांढरं. वरच्या टाकीत मिठाचं कोमट पाणी भरायचं, दोन मऊ नळ्या नाकपुड्यांना लावायच्या, बटण दाबायचं. पाणी एका बाजूने आत जातं, दुसऱ्या बाजूने ओढलं जाऊन खालच्या वाटीत जमतं. रोज संध्याकाळी ताई पाणी कोमट करून द्यायची. माझं झालं की हात पुढे करायची.

“दे इकडे. वाटी मी धुते.”

“अगं, शी! माझी घाण तू कशाला?”

“लहानपणी कोण पुसायचं तुझं नाक?”

पहिल्या आठवड्यात नाक मोकळं झालं. दुसऱ्या आठवड्यात कोटात पेन्सिलीचा भुसा सापडेना. साबण तेवढा होता. मग ऑफिसात कोरी नसलेल्या एका बाटलीपुढेही मी ‘काही नाही’ लिहिलं आणि साहेबांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. “पुन्हा घ्या बघू, नाकाबाई.” मी पुन्हा घेतला. काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी असताना बाहेरच्या खोलीतून ताई ओरडली, “पाव करपतोय गं!”

माझ्या हातापाशी पाव काळा पडला होता. मला कळलंच नव्हतं. दारातून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग मी धावत जाऊन तिला मिठी मारली. पन्नास वर्षांनी! तिने माझ्या केसांत नाक खुपसलं. “अशी आहेस होय तू,” ती म्हणाली. आम्ही दोघी रडलो. मला खरोखर आनंद झाला होता, हे मला इथे सांगायचंच आहे.

त्यानंतर ती रोज माझे केस हुंगायची. एकदा बसथांब्यावर थांबून म्हणाली, “भिजलेल्या छत्रीचा वास येतोय.” आकाश कोरडं होतं. हे शब्द मी तक्त्याबाहेर कधीच वापरले नव्हते.

एका दुपारी मी लवकर घरी आले. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. आदल्या संध्याकाळचं वाटीतलं पाणी ताई वरच्या टाकीत ओतत होती. तिने नळ्या नाकाला लावल्या, डोळे मिटले. यंत्र गुरगुरू लागलं. तिच्या मांडीवर कोट होता.

“ताई.”

ती दचकली नाही. पदराने नाक टिपत म्हणाली, “साबण बदलला होता ना गं त्याने, शेवटी शेवटी?”

बदलला होता. हॉस्पिटलात, शेवटच्या महिन्यात. तिथे फक्त मी होते.

“कधीपासून करतेस हे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मला विचारायचंस तरी.”

“दिलं असतंस?”

 जिच्यापुढे मी आयुष्यभर बिनधास्त नाक पुढे केलं, तिने माझा केसाने गळा कापला होता. आणि वर कोटाची घडी नीट घालून माझ्या हातात दिली.

यंत्र मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केलं. वास परत आला नाही. कोट आता गालाला नुसता टोचतो. डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं. “इतकं स्वच्छ नाक मी आजवर पाहिलं नाही,” ते म्हणाले.

मी तीन आठवडे रजा घेतली. ताईने केसांना नाक लावणं सोडलं होतं.

सोमवारी कामावर गेले. साहेब अवघडले होते.

“तुमच्या जागी तात्पुरतं कुणी हवं म्हणून चाचणी घेतली. तुमच्या ताई आल्या होत्या.”

त्यांनी तक्ता पुढे केला.

लहानपणी माझ्या वह्यांवर नाव घालणारं ते वळणदार अक्षर.

‘भिजलेली छत्री.’ ‘शाळेतला खडू.’ ‘बंद पडलेला फ्रीज.’ पाच ओळी. माझे शब्द.

“पाचही अचूक,” साहेब म्हणाले. “फक्त कोऱ्या पाण्यापुढे काय लिहिलंय, ते कळत नाही.”

मी सहावी ओळ वाचली.

‘माझ्या धाकट्या बहिणीचा.’