बिनलिंकचा मिक्सर

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये श्रुतिका परब शिरली ती भांडायच्या तयारीनेच. हातात पिशवी, पिशवीत मिक्सर आणि कुर्त्याच्या बाहीवर वाटणाचा तपकिरी डाग. तीनदा धुऊनही तो गेला नव्हता, म्हणून तिने मुद्दाम तोच कुर्ता घातला होता. पुरावा नको?

काउंटरमागे एक उंचसा, चष्मेवाला मुलगा बसला होता.

"झाकण उडतं," पिशवी दाणकन ठेवत ती म्हणाली.

"कधी?"

"कधी म्हणजे? वाटण वाटताना. मिक्सरमध्ये माणूस आणखी काय करतो?"

"तसं नाही… वाटण कशाचं? गरम होतं का?"

श्रुतिका थबकली. आजवर कुठल्याच काउंटरवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथे फक्त बिल मागायचे.

"भाजलेलं खोबरं, कांदा, थोडे धणे. आणि चांगलं निवलेलं. आम्ही मालवणी आहोत हो, गरम वाटण मिक्सरला लावत नाही."

"पाणी किती घातलं होतं?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

तो हसला. हसताना त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत चढवला. तेवढ्यात दिसलेले डोळे मात्र श्रुतिकाच्या लक्षात राहिले… उगीचच.

"मी खरं तर वर डिझाइनला असतो," तो म्हणाला. "पण आमच्या मालकांची पद्धत आहे. वर बसून वस्तू काढणाऱ्याने आठवड्यातून एकदा खाली बसून शिव्या खायच्या. हे झाकण माझं नाही, माझ्या आधीच्या माणसाचं आहे. पण तो नोकरी सोडून गेला, तेव्हा शिव्या मलाच द्या."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? नाइलाजाने तिने नाव सांगितलं, आणि लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं.

"श्रुतिका परब… 'वाटणघाटण'वाल्या? माझी आई वाचते तुम्हाला! म्हणजे आमची वाट लागली. लिहिणार ना आता?"

"लिहिणार."

"लिहाच," तो म्हणाला. थट्टेत नाही, अगदी मनापासून. "त्याशिवाय वरचे लोक मला नवं झाकण करू द्यायचे नाहीत."

त्याचं नाव सुबोध तायडे.

श्रुतिका दिवसभर सांताक्रूझच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि रविवारी दिंडोशीच्या घरात मिक्सर, कुकर, तवे तपासायची. स्वतःच्या पैशाने आणलेली वस्तू महिनाभर वापरायची आणि मग तिच्याविषयी ब्लॉगवर साध्या मराठीत लिहायचं, हा तिचा नेम. लेखाखाली लिंक असायची. त्या लिंकवरून कुणी ती वस्तू घेतली, तर विकणारी वेबसाइट श्रुतिकाला थोडं कमिशन द्यायची. घेणाऱ्याला एक पैसाही जास्त पडायचा नाही.

आणि हे सगळं ती लेखाच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकायची. ठळक अक्षरात. वर शब्द असायचा 'खुलासा'.

"अगं बाई, दुकान उघडण्याआधीच कसली पाटी लावतेस?" लॅबमधली जानकी म्हणायची. "खाली टाक ना कुठेतरी, बारीक अक्षरात. सगळे तसंच करतात."

"पैसे घ्यायची लाज नाही मला. मग लपवू कशाला?"

यात तिचा ताठा होताच, पण नुसता ताठा नव्हता. लॅबमध्ये भीड चालत नाही. जे रक्तात आहे तेच रिपोर्टात. तीच सवय घरीही आली होती. सख्ख्या प्रेमामावशीच्या मसाल्यावर लिहिताना तिने वर स्वच्छ लिहिलं होतं, 'ही माझी मावशी आहे, तेव्हा माझं मत अर्धंच धरा.' आणि लिंक दिलीच नव्हती. मावशी आठ दिवस बोलत नव्हती! वाचणाऱ्या बायका मात्र तेव्हापासून श्रुतिकाला घरचीच मानू लागल्या. त्या विश्वासाचा तिला भारी अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

तर, झाकणाबद्दल तिने सडेतोड लिहिलं. चारच दिवसांनी सुबोधचा मेसेज आला. 'झकास! नवं झाकण मंजूर. माझं. तुमच्या हातचं वाटण मिळेल का… चाचणीसाठी?'

'चाचणीसाठीच ना?' तिने विचारलं.

'सध्या तरी.'

मग दर शनिवारी लॅब सुटली की श्रुतिका अंधेरीला उतरू लागली. कारखान्याच्या फाटकासमोर एक चहावाला होता. तिथे ती डबा द्यायची आणि मागच्या शनिवारचा डबा परत घ्यायची. परत येणारा डबा कधी रिकामा नसायचा. सुबोधचं घर मूळचं अकोल्याकडचं. त्याची आई शीतलताई त्यात कधी जवसाची चटणी भरायची, कधी ठेचा.

"एवढं तिखट खाऊन तू इतका गोड कसा बोलतोस रे?" एकदा श्रुतिका म्हणून गेली, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"पुन्हा म्हण," सुबोध म्हणाला.

"काय?"

"तू."

"चहा पी. निवतोय."

तो चहा प्यायला, पण तिच्याकडे बघत. ग्लास ठेवायला दोघांनी एकदमच हात पुढे केला, बोटांना बोटं लागली, आणि चहावाल्याने विनाकारण स्टोव्हची हवा वाढवली. परतीच्या मेट्रोत श्रुतिका दोन स्टेशनं पुढे गेली. त्या दिवशी तिला कळून चुकलं, की आपलं काही खरं नाही.

मात्र तो काही बोलला नाही. तीही नाही. सुबोधला आधी झाकण पुरं करायचं होतं. त्याच्या नावाचं पहिलं काम! तो त्या झाकणाबद्दल असा बोलायचा की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा. तिला वाटायचाही.

मिक्सर तयार झाला तसा तिने तो दुकानातून विकत आणला आणि नेमाप्रमाणे महिनाभर वापरला. झाकण एकदाही हललं नाही. ओट्यावर एक ठिपका नाही! आईने, रुक्मिणीबाईंनी, झाकणावर हात न ठेवता मिक्सर चालवला आणि दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत राहिल्या. खोट एकच निघाली. अर्ध्या वाटीचं वाटण असलं, की ते कडेला चिकटायचं, पात्याखाली यायचंच नाही. एकट्यादुकट्या माणसाला तो मिक्सर कामाचा नव्हता.

पुढच्या शनिवारी सुबोध चहावाल्याकडे आला तो उड्या मारतच.

"आमचे केतनसर आहेत ना, विक्रीचे? ते म्हणतायत, तू या मिक्सरवर लिहिलंस तर तुझ्या लिंकला नेहमीच्या दुप्पट कमिशन. फक्त तुझा तो खुलासा…"

"त्याचं काय?"

"…तो लेखाच्या शेवटी टाकशील का, असं विचारतायत. वर असला की माणूस बिचकतो म्हणे." बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. "मी नको म्हणून सांगतो त्यांना. राहू दे ते कमिशन. तू तुझ्या पद्धतीने लिही."

"मी नाही लिहिणार, सुबोध."

"खुलासा वर ठेव ना! मी कुठे…"

"खुलाशाचं नाही रे. मला या मिक्सरवर लिहिताच येणार नाही."

"का?"

आता काय सांगायचं? तिचाच नियम तिच्या गळ्यात आला होता. आपल्या माणसाच्या वस्तूवर लिहायचं, तर आधी नातं सांगायचं. आणि इथलं नातं काय? ज्याला सांगायचं त्यालाच अजून सांगितलं नव्हतं! नातं न सांगता लिहावं, तर वाचणाऱ्या शेकडो बायकांना फसवल्यासारखं. लिहूच नये, तर…

"आवडला नाही ना?" सुबोधने हळूच विचारलं.

"आवडला."

"मग? इतर सगळ्यांवर लिहितेस. वाईट असला तर वाईट लिही ना. मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लिहाच म्हणून. तू गप्प राहिलीस तर मला काय समजायचं?"

"तुला वाटतं तसं नाहीये ते…"

"मग कसं आहे, सांग ना!"

श्रुतिकाने डब्याची पिशवी उगीचच सारखी केली. त्याने चष्मा पुसला, खूप वेळ पुसला. "ठीक आहे," म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून आत निघून गेला.

तो आठवडा वाईट गेला. मेसेज नाही, फोन नाही. शनिवारी फाटकाशी कुणी आलं नाही आणि वाटणाचा डबा जसाच्या तसा घरी परतला. आपण गप्प राहून त्याच्या पहिल्यावहिल्या कामाचा अपमान केला, हे तिला कळत होतं. कुणी तिच्या ब्लॉगबद्दल असं केलं असतं, तर तिने त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं.

रविवारी सकाळी ती उठली, अंघोळ केली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. लेख तासाभरात झाला. मग वरची ओळ लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली… त्याच्या मनात काही नसेलच तर? सगळ्या महाराष्ट्रासमोर हसं होईल. होऊ दे. खोटं लिहून मिळवलेल्या इभ्रतीपेक्षा ते परवडलं.

फक्त प्रसिद्ध करण्याआधी तिने लॅपटॉप आईवडिलांसमोर ठेवला. दत्ताराम परब गिरणीकामगाराचे चिरंजीव, पोस्टातून निवृत्त. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, परत वाचली.

"तायडे?" ते म्हणाले.

"हो, बाबा. अकोल्याकडचे. बौद्ध आहेत."

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. श्रुतिकाने मान खाली घातली नाही.

"आडनावासकट घालतलंस?"

"घालणार. माझा नियम आहे."

"मगे घाल," दत्ताराम सावकाश म्हणाले. "अर्धा नाव लिवलंस तर लपवल्यासारखा दिसतला. परबांच्या घरात लपवूची पद्धत नाय." आणि चष्मा काढून बायकोला म्हणाले, "तुझा काय?"

"माझा काय असतला? झाकण करूक येता त्याका, बाकीचा मी शिकवीन," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून कांदा चिरायला बसल्या.

श्रुतिकाने बटण दाबलं.

'खुलासा: या मिक्सरचं झाकण सुबोध तायडे यांनी घडवलं आहे आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांना हे अजून माहीत नाही, त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. झाकणाच्या चाचणीसाठी वाटणही मीच देत होते. म्हणून माझं मत अर्धंच काय, पावच धरा. या लेखाखाली लिंक नाही. मिक्सर हवा असेल तर दुकानात जा, स्वतः झाकण लावून बघा आणि मगच घ्या.'

खाली मिक्सरची तारीफ होती, मनसोक्त. आणि अर्ध्या वाटीची खोटही होती, तीही मनसोक्त.

सोमवारी संध्याकाळी ती लॅबमधून घरी आली, तेव्हा कॉलनीच्या फाटकाशी एक उंचसा माणूस चष्मा पुसत उभा होता. तिचे पाय जागीच थांबले.

"केतनसरांनी आज मीटिंगमध्ये तुझा लेख मोठ्या पडद्यावर उघडला," सुबोध म्हणाला. "आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. सगळ्या ऑफिससमोर."

"अरे देवा! … मग?"

"मग ते मध्येच थांबले. मालक म्हणाले, पुढचं वाच. पुढे अर्ध्या वाटीचं आलं. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, ही पोरगी प्रेमात असूनही खोट काढते, ही सांगते ते खरंच असणार. लहान भांडं करायला घे."

श्रुतिकाला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही आवरता आवरता पुरेवाट झाली.

"एक मात्र आहे," सुबोध गंभीरपणे म्हणाला. "तुझ्या लेखात एक चूक आहे."

"चूक? शक्यच नाही! महिनाभर वापरलाय मी."

"मिक्सरची नाही. 'त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही' असं लिहिलंयस. हे वाचकांची दिशाभूल करणारं आहे."

"मग… काय आहे त्यांच्या मनात?"

"तू आहेस गं. पहिल्या दिवसापासून. बाहीवरच्या डागासकट."

कॉलनीतल्या मुलांचं क्रिकेट थांबलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत रुक्मिणीबाईंचा पदर दिसत होता आणि त्यामागे दत्तारामांचं टक्कल. श्रुतिकाने कुणाकडेही पाहिलं नाही. तिने सर्वांदेखत सुबोधचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने पर्समधून फोन काढला.

"हे काय करतेस?"

"थांब रे. चूक कळली की ताबडतोब सुधारायची. माझा नियम आहे."

आणि तिथेच, फाटकाशी उभ्या उभ्या, एका अंगठ्याने टाइप करत तिने लेखाच्या माथ्यावर नवी ओळ घातली. ठळक अक्षरात.

'दुरुस्ती: त्यांचंही माझ्यावर प्रेम आहे. समक्ष विचारून खात्री केली आहे.'