गुऱ्हाळावरची मोटर

इरावती गडमुडशिंगीला गेली होती ती फक्त काकवी आणायला. पण गुऱ्हाळाच्या दारात पाऊल टाकताच ती थबकली. काहिलीतल्या उकळत्या रसाच्या गोड वाफेत आणखी एक वास मिसळला होता... कडवट, ओळखीचा.

"मोटर बंद करा," ती घाण्यात ऊस सारणाऱ्या तरुणाला म्हणाली.

तो वळून हसला. "पावणं, आधी रस तर घ्या की."

"मोटर जळतेय."

"ती रोजच तापती ओ, तिचा सभावच –"

तेवढ्यात मोटरीनं निळसर धूर सोडला आणि घाणा जागच्या जागी थांबला. त्यानं हातातला ऊस हळूच खाली ठेवला. मोटरीकडं बघायचं सोडून तो तिच्याकडंच बघत राहिला.

"तुमी कोण म्हणायच्या?"

इरावती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होती. शाहूपुरीत जिन्यावरच्या एका खोलीत ती पंपांचे आणि यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवायची. तो ऋतुराज. गुऱ्हाळ त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे आक्का म्हणत. घाण्यात ऊस जास्त झाला की रोलर अडकायचे, मोटर तरी जोर लावत राहायची आणि जळायची. या हंगामातली ही दुसरी. आणखी एक जळली, तर लोक आपला ऊस दुसऱ्या गुऱ्हाळाला घालणार होते.

"मोटर किती करंट ओढतेय यावर लक्ष ठेवणारा बोर्ड लावता येईल," इरावती म्हणाली. "रोलर अडकले की करंट वाढतो. बोर्ड लगेच मोटर बंद करेल."

"बसवायला तुमी सोता येनार?"

"हो."

"मग दोन लावू की."

मोटर दुरुस्त होऊन आली आणि रविवारी बोर्ड बसला. परीक्षा म्हणून ऋतुराजनं उसाचा भाराच्या भारा घाण्यात कोंबला. रोलर अडकले, मोटर घुरघुरली आणि बोर्डानं ती बंदही केली. पण तोवर मोटरीचा पट्टा तुटून आक्काच्या पायाशी पडला होता.

आक्कानं आधी पट्ट्याकडं बघितलं, मग इरावतीकडं. "बाई, तुमचा राखणदार चोर गेल्यावर उठतोय."

इरावतीचे कान लाल झाले. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजेवर बसली. रसाचा पेला धरून ऋतुराज शेजारी उभा राहिला.

"घोळ काय झालाय?"

"बोर्ड एकदा करंट वाचतो, मग तो आकडा पडद्यावर लिहितो, मग पुन्हा वाचायला वळतो. सगळा वेळ लिहिण्यातच जातो. मधे काय झालं, ते त्याला कळतच नाही."

"माझं उलटं हाय," तो म्हणाला. "मी मगापास्नं नुसता बघतोय. पुढं काय बोलावं, त्ये सुचंना झालंय."

तिची बोटं कीबोर्डवर क्षणभर थांबली. "रस द्या इकडे," ती म्हणाली. मान मात्र वर केली नाही.

पुढच्या रविवारपर्यंत तिनं वाचणं आणि लिहिणं वेगळं केलं. बोर्डावरची चिप आता सेकंदाला हजारो वेळा करंट वाचत होती. आकडा दाखवायचं काम सवडीनं. ऋतुराजनं बटण दाबलं. मोटर 'हूं' म्हणाली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं. हूं... बंद.

"आता लईच भित्रं झालं की वो," आक्का म्हणाली.

"सुरू होताना कुठलीही मोटर थोडा वेळ कितीतरी पट करंट ओढते," इरावती म्हणाली. "आधी बोर्डाला ते दिसतच नव्हतं. आता दिसतं, आणि रोलर अडकले असं वाटून तो घाबरतो."

"मग सांगा की त्याला, सुरवातीला जरा दमानं घे म्हणून," आक्का म्हणाली.

"तेच सांगतेय."

"मलाबी सांगितलं तर चालंल," ऋतुराज हळूच म्हणाला.

त्या दुरुस्तीनंतर घाणा सुरळीत चालू लागला. ऋतुराजचे फोन मात्र थांबेनात. बोर्डातनं आवाज येतोय. बोर्ड गरम लागतोय. एकदा तर म्हणाला, "हिरवा दिवा जरा उदास वाटतोय." इरावती दर वेळी आली, तपासलं, काही सापडलं नाही.

"आज शेवटचं बघते," एका रविवारी ती म्हणाली. "मग माझं काम संपलं."

ती बोर्डाच्या पेटीवरची धूळ पुसत होती आणि ऋतुराज घाण्यात ऊस सारत होता. अचानक खट्ट झालं आणि मोटर गप्प झाली. धूर नाही, पट्टाही शाबूत. रोलरच्या तोंडात उसाबरोबर एक कोयता अर्धा रुतला होता.

"मोळीत एवढा कोयता हुता, त्यो दिसला न्हाय व्हय तुला?" आक्का कडाडली. "ध्यान कुठं हुतं?"

"म्याडमकडं," ऋतुराज म्हणाला.

मग तो इरावतीकडं वळला. "बोर्ड झ्याक चालतोय. दिवा कधीच उदास नव्हता. तुमी यावं म्हणून मी म्हणायचो... आता कारण सरलं, म्हणून सरळच इचारतो. माझ्यासंगं लगीन कराल?"

इरावतीनं हातातलं फडकं पेटीवर ठेवलं. तिला हसू आवरेना.

"मीही घरी दर रविवारी 'बोर्ड बिघडला' असंच सांगून निघते," ती म्हणाली. "आईची तर खात्रीच झालीय, की मला बोर्ड बनवताच येत नाहीत."

"मग... हां म्हणायचं का ह्याला?" ऋतुराजनं विचारलं.

"व्हय की," ती म्हणाली. शब्द तिच्या तोंडात नवा होता.

दोघं बघत राहिले एकमेकांकडं... बराच वेळ.

"आधी त्यो कोयता काढा," आक्का म्हणाली. "मग लाजा."