मक्यातली वेरुन्का

इर्माचं लेकीकडे एकच मागणं होतं. आपल्या आईच्या कबरीशेजारी एक लहानसा दगड बसवायचा आणि त्यावर मावशीचं नाव कोरायचं. अडचण एवढीच, की मावशीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेक मार्लिस शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या नावाच्या मागे लागली होती. पणजोबांचं बोहेमियातलं गाव तिनं हुडकून काढलं, ते आणि पणजी ज्या जहाजानं आले तेही सापडलं. पण त्यांच्या दोन्ही मुली जन्मल्या इथं, नेब्रास्कात, मातीच्या ढेकळांनी रचलेल्या घरात. आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला ते चर्च पुढं वीज पडून जळालं. धाकटी ल्युडमिला, म्हणजे इर्माची आई, पाळण्यात होती तेव्हाच थोरली एका दुपारी गवतात शिरली. तेव्हा गवत घोडेस्वार दिसेनासा होईल एवढं उंच असायचं. पोर परत आली नाही. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी उच्चारलं नाही.

आता ती जमीन डेलबर्ट कुचेरा या म्हाताऱ्याकडे होती. सप्टेंबरातल्या एका दुपारी मार्लिस त्याच्या ओसरीवर जाऊन बसली. त्यानं कॉफी आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, पुढं केले.

"जुन्या घराची जागा बघायची म्हणतेस? ती मक्याच्या पार मधोमध आहे. रानटी आलुबुखारांची जाळी दिसेल, तेवढीच खूण. कापणी झाल्यावर ये की पोरी."

"आईनं नव्वदी ओलांडलीय, डेलबर्टकाका. कापणीपर्यंत कोण थांबतंय?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "मग वारा आहे तोवर जाऊन ये. वारा पडला, की... मी नाही जात तिकडं."

"का? भुतं आहेत का?" मार्लिस हसली.

तो हसला नाही. "आणखी एक कोलाच घे," एवढंच म्हणाला.

मार्लिस मक्याच्या दोन ओळींमधून आत शिरली. पिवळी पडू लागलेली पानं दंडाला कापत होती. तापलेल्या मातीचा आणि परागांचा कोरडा वास नाकात भरत होता. डोक्यावर आभाळाची एक निळी पट्टी, बाकी चहूकडे पानंच पानं. बरंच चालूनही आलुबुखारं दिसेनात. ती परत फिरली, तर मागची ओळही सरळ राहिली नव्हती.

आणि वारा पडला.

सगळं शेत गप्प झालं. फक्त डावीकडची एक ओळ सळसळत होती. सळसळ थांबायची, पुन्हा थोडी जवळ यायची. मार्लिसच्या कमरेएवढ्या उंचीवरची पानं हलत होती, वरचे तुरे मात्र स्थिर होते.

"मामिंको?"

बारीक आवाज. रडून रडून बसलेला. आजी ज्या शब्दानं स्वतःच्या आईची आठवण काढायची, तोच शब्द.

मार्लिसला पळावंसं वाटत होतं, पण इतकी वर्षं वर्गातली रडकी पोरं पोटाशी धरलेली बाई ती. त्या आवाजाकडे पाठ फिरवणं तिला जमेना. आजीकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या चेकमध्ये तिनं हळूच विचारलं, "नाव काय गं तुझं... बाळा?"

पानं आणखी जवळ सळसळली. मग अगदी कोपराशी, "वेरुन्का."

मार्लिसचे डोळे भरून आले. "वेरुन्का," ती म्हणाली, "चल. घरी जाऊ."

तिच्या मुठीत गार, लहान बोटं शिरली. तिनं खाली पाहिलं नाही. पाहायचं धाडसच झालं नाही. ती बोटं ओढतील तशी ती चालत राहिली. पानं बाजूला होत गेली आणि एकदम समोर उघडा रस्ता आला, तिची गाडी आणि गाडीपाशी उभा असलेला डेलबर्ट.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तो मार्लिसकडे पाहतच नव्हता. तिच्या कमरेशी पाहत होता.

"पोरी," तो कुजबुजला, "आधी मागचं दार उघड... तिच्यासाठी."

मार्लिसनं दार उघडलं. मूठ रिकामी झाली.

ओमाहाला घरी पोचल्यावर तिनं नाव सांगितलं, तेव्हा इर्मा लहान मुलीसारखी रडली. दगड बसला. आपल्या बागेतले झेंडू घेऊन इर्मा स्वतः चाकाच्या खुर्चीतून आली आणि कोरलेल्या अक्षरांवरून हात फिरवत बसली. त्या दिवसापासून म्हातारीची तब्येत सुधारली. पोटभर जेवू लागली, खोलीत एकटीच चेक गाणी गुणगुणू लागली. मार्लिसला वाटलं, सगळं मार्गी लागलं.

मका कापून झाल्यावर डेलबर्टचा फोन आला.

"मार्लिस, शेत उघडं झालंय. आरपार दिसतं, माणूस नाही की काणूस नाही. पण वारा पडला, की एक बाई हाका मारत फिरते."

"पणजी असेल..." मार्लिसचा जीव गलबलला. "तिला सांगा काका, वेरुन्का सापडली म्हणून. आमच्याकडे आहे म्हणावं."

"सांगितलं मी. ओरडून सांगितलं." पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. "पण ती वेरुन्काला हाक मारतच नाही गं. ती अनेश्काला शोधतेय... अनेश्का, अनेश्का, असं सारखं."

मग मक्यातून बोट धरून आणली ती... कोण?

आतल्या खोलीतलं गुणगुणणं थांबलं.

"मार्लिस," इर्मा दबक्या आवाजात रागावली, "हळू बोल ना जरा. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."