अप्पांचं अर्धं कीर्तन

हे खरं घडलंय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. एकादशीच्या दिवसावर खोटं रचायची छाती कुणाची होईल?

जागा परळची. चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. गेल्या वर्षीची माघातली एकादशी.

आणि वेळ रात्रीची नाही बरं का. दुपारचे अडीच.

क्षितिजा चित्रकार. कोळशाने कागदावर काढायचं, टॅबवर घेऊन हलतं करायचं, वर गोष्ट सांगायची, असले तिचे उद्योग. या वेळी तिने आजोबांच्या कीर्तनालाच हात घातला होता.

हे आजोबा म्हणजे अप्पा. दिवसा गिरणीत, संध्याकाळी देवळात नारदाच्या गादीवर. चाळीस वर्षांपूर्वी असेच उभे राहिले. पूर्वरंग असा रंगला की माणसं डुलत होती. आता रिवाज असा, की पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा. मगच आख्यान. हार घेऊन त्यांची लेक सुनंदा पुढे झाली. अप्पांनी मान वाकवली...

ती वर आलीच नाही.

हार सुनंदाच्या हातात राहिला. त्या दिवसाची कॅसेटही तिथेच, मिनिटभराच्या शांततेवर संपते.

आता सुनंदाआत्याच साठीची. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं हृदयाचं ऑपरेशन.

"पुढचं ऐकव गो मला," ती भाचीला म्हणाली होती. "उद्या डोळे उघडले तर उघडले."

म्हणून क्षितिजाने विहंग नावाच्या मित्राला गाठलं. त्याने कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब अप्पांचा आवाज बनवला आणि त्या आवाजात गजेंद्रमोक्षाचं आख्यान म्हणून घेतलं.

"मधली ती हाराची जागा काप," विहंग म्हणाला. "मिनिटभर नुसती शांतता? पब्लिक व्हिडिओ पुढे ढकलतं गं!"

क्षितिजाने कापली.

तर त्या दुपारी आत्या खाटेवर बसली. समोर स्टुलावर टॅब. कोळशातले अप्पा हलू लागले. उपरणं, पगडी, हातात चिपळ्या. आत्याच्या डोळ्यांना धार लागली.

पूर्वरंग संपला.

आणि आवाज बंद.

पडद्याखालची रेघ पुढे सरकत होती. आवाज मात्र नाही... क्षितिजाने वर पाहिलं. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती. खालचा रस्ताही गप्प.

"हँग झालं वाटतं," ती पुटपुटली.

छन्...

एकच चिपळी.

टॅबमधून नाही. मागून. खुंटीवरच्या पिशवीतून. तिच्यात अप्पांच्या खऱ्या चिपळ्या होत्या, दोऱ्याने घट्ट बांधलेल्या.

क्षितिजाने पडद्याकडे पाहिलं.

अप्पांनी मान वाकवली होती.

तसं चित्र तिने काढलंच नव्हतं. एकही नाही.

"आत्या, मी बंद करते..."

"हात लावू नको!" आत्या उठली. "थांबलेत ते."

"कशाला?"

"हाराला गो. तू कापलंस ना ते?"

क्षितिजाने पेन उचललं. "मी काढते हार. आत्ता काढते."

"चित्रातला नको. माझ्या हातचा हवाय त्यांना."

आत्याने देवापुढची तुळशीची माळ घेतली, बुक्क्याची डबी घेतली. काचेवर, अप्पांच्या कपाळाच्या जागी, बोट टेकवलं. माळ टॅबवर घातली. वाकून नमस्कार केला.

पडद्यावरची मान... हळूहळू वर आली.

आणि आख्यान सुरू झालं.

पण गजेंद्रमोक्ष नव्हे. सुदाम्याचं!

"हेच लावणार होते," आत्या म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मलाच सांगितलं होतं त्यांनी. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही."

सुदामा द्वारकेला पोचला. कृष्णाने पोहे खाल्ले. सगळं झालं. आता राहिली फक्त आरती. अप्पांनी हात जोडले, समोर पाहिलं...

क्षितिजा निरांजन लावायला उठली.

खट्.

आत्याने टॅब बंद केला होता.

"आत्या! अगं, आरतीशिवाय कीर्तन संपत नाही!"

"म्हणूनच तर," आत्या शांतपणे म्हणाली. "आरती झाली की बुवा गादी सोडतात."

ऑपरेशन सुखरूप झालं. आत्या घरी आली, आता तर जिनाही चढते. टॅब तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत आहे. किल्ली तिच्या कमरेला.

"आरती करूया ना गं," क्षितिजा अधूनमधून म्हणते. "किती उभं ठेवशील त्यांना?"

"करू की. जेवायला बस तू."

क्षितिजाला घास गिळवत नाही. कारण रोज दुपारी, बरोबर अडीचला, पंख्याची घरघर थांबते... आणि खुंटीवरची पिशवी हलते.

छन्...

आधी एकदाच वाजायची.

हल्ली दोनदा वाजते.