पायलच्या पाळण्यातला वरवंटा

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. मला कुणाला पटवायचं नाही.

हे खरं घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या घरी, सोलापुरात, विजापूर रोडच्या एका अपार्टमेंटमध्ये. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आणि रात्र नव्हती हो... भर दुपार होती. सोलापूरचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला ठाऊक आहे, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

बहिणीचं नाव सुकन्या. माहेर माळशिरसकडचं. पहिली मुलगी झाली, बाराव्या दिवशी बारसं ठरलं. नाव ठेवायचं होतं पायल.

आता आपल्यात बारशाला काय करतात? बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. पाट्यावर मसाला वाटायचा तो दगड. त्याला हळद-कुंकू लावायचं, टोपडं घालायचं, लेकरासारखं निजवायचं. जे काही वाईट यायचं ते आधी दगडावर येऊ दे, म्हणून.

पण सासू गोजरबाईंनी फ्लॅटमध्ये येताना पाटा-वरवंटा जुन्या घरीच सोडला होता. मिक्सर होता ना. मग डेकोरेशनवाल्यानं फुगे आणि फुलांबरोबर वरवंटाही आणला.

थर्मोकोलचा. वरून काळा रंग.

सुकन्या सासूला आत्याच म्हणायची. ती अडून बसली. "आत्या, दगडाचाच पायजे."

"अगं, मिक्सरच्या जमान्यात दगड कुटं शोधू आता?" सासूबाई म्हणाल्या. "दिसायला सेम हाय की! फोटोत कुणाला कळतंय?"

बायका जमल्या होत्या. टोपडं घातलेला थर्मोकोल पाळण्यात निजला, मग त्याला पायाशी सरकवून पायल निजली. फोटो झकास आले. सुकन्या एकाही फोटोत हसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली.

कूलर बंद पडला. गोजरबाई हॉलमध्ये घोरत होत्या. सुकन्या स्वयंपाकघरात कडक भाकरी मोडत होती...

कर्र...

पाळण्याची कडी.

कर्र... कर्र...

आत्या उठल्या असतील, असं तिला वाटलं. पण हॉलमधून घोरणं येतच होतं.

ती खोलीच्या दारात आली. पाळणा हलत होता. दोरीचं टोक जमिनीवर नव्हतं... हवेत होतं.

तिनं पाऊल टाकलं तशी दोरी खाली पडली.

पायल शांत निजली होती. पायाशी ठेवलेलं टोपडं होतं... पण आत वरवंटा नव्हता. फरशीवर थर्मोकोलचे पांढरे दाणे सांडले होते. त्यांची ओळ बाल्कनीच्या दारापर्यंत गेली होती.

त्या दाराला आतून कडी होती.

सुकन्यानं झडप घालून लेकीला उचललं.

...हलकी.

लई हलकी. कापसाची उशी उचलावी तशी.

डॉक्टर म्हणाले, वजन बरोबर आहे. काटाही तेच म्हणाला. नवरा इंद्रजीत म्हणाला, "उन्हानं तुला भास होतायत." पण आईच्या हातांना कुणी शिकवायचं? पायल रडेनाशी झाली. दूध तोंडात धरायची, गिळायची नाही. नजर सारखी बाल्कनीकडं. रोज दुपारी पाळणा हलायचा आणि रोज लेकरू आणखी हलकं लागायचं.

"आत्या, माझ्या पायलला कुणीतरी घेऊन चाललंय," सुकन्या एकदा बोललीच. "थोडं थोडं करून."

"गप! अभद्र बोलू नगं," गोजरबाई म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज बसला होता.

सुकन्यानं माहेरी फोन लावला. "आई, आपला वरवंटा घिऊन ये. आजच्या आज."

तिची आई, माझ्या मावशी बाळाबाई, मिळेल त्या एसटीनं निघाल्या. पिशवीत दगड. आयुष्यभर लसूण, मिरची वाटून गुळगुळीत झालेला. त्याला वाससुद्धा होता.

"आता पुन्यांदा बारसं?" गोजरबाई कुरकुरल्या. "लोकं हसतील."

"हसू द्या. लेक माझी हाय," सुकन्या म्हणाली.

"इहीणबाई," बाळाबाई पदर खोचत म्हणाल्या, "तुमी हसणाऱ्यांना चहा ठेवा. आमी बारसं करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकन्यानं स्वतःच्या हातानं कूलर बंद केला. दगड धुतला. हळद-कुंकू लावलं, टोपडं घातलं, पाळण्यात निजवला. पायलला मांडीवर घेऊन बसली.

तिघी वाट बघत होत्या.

कर्र...

दोरी उचलली गेली. पाळणा एकदा झुलला... आणि थांबला.

मग वरवंटा हलला. टोपड्यासकट त्याचं एक टोक वर आलं... आणि धप्पकन खाली.

पुन्हा वर... पुन्हा धप्प.

कुणीतरी धापा टाकत होतं. त्या तिघींपैकी कुणीच नव्हतं.

बाळाबाईंनी हात जोडले. गोजरबाई भिंतीला चिकटल्या. सुकन्या मात्र पायलला छातीशी धरून उठली. भीती होतीच, पण राग भीतीच्या डोक्यावर चढला होता.

"उचल की! का, जड लागतंय व्हय? ते फोटोपुरतं होतं, ते नेलंस. ह्यो खरा हाय. आदी ह्यो उचल, मग माझ्या लेकीला हात लाव!"

धापा थांबल्या.

बाल्कनीच्या दाराची कडी... वाजली.

आणि पायल रडली. अशी रडली की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. सुकन्याच्या हातांना एकदम ओझं लागलं. तिला इतका आनंद झाला की तीही लेकीबरोबर रडायला लागली.

ते काय होतं, मला माहीत नाही. तिलाही नाही. पायल आता घरभर पळते. पाटा परत आलाय आणि चटणी गोजरबाईच वाटतात. कुणी "मिक्सर आहे ना" म्हटलं की त्या अशा बघतात की पुढचं बोलणं त्याच्या तोंडातच राहतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर बारसं झालं. सुकन्या दगड कमरेवर घेऊन वर गेली. ते लोक हसले. "आमच्याकडे रेडिमेड आहे, वहिनी." बर्फी हातावर ठेवून परत पाठवलं.

परवा दुपारी मी तिच्याकडं जेवायला होते. लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला.

वरून आवाज आला...

कर्र...

आम्ही कान देऊन ऐकलं. पाळणा हलत होता. लेकरू मात्र रडत नव्हतं.

मला जागचं हलवेना. सुकन्या ताटावरून उठली, वरवंटा उचलला आणि जिना चढून गेली.

बेल वाजत नव्हती. तिनं दगडानंच दार ठोकायला सुरुवात केली.